अर्ध्या कल्हईचं पातेलं

आमच्या घरमालकाची आठवण काढली की आधी खड्डाच आठवतो. नोव्हेंबर लागला होता आणि मी परत निघायच्या तयारीत होते. खिडकीतून पाहिलं तर म्हातारा मागच्या अंगणात माणसाच्या लांबीचा खड्डा खणत होता. बाजूला जुन्या ब्लँकेटात गुंडाळून दोरीने आवळलेलं काहीतरी आडवं पडलेलं. मी सुनेला हाक मारली.

"वैशाली, ह्याने कुणाला मारलंय का बघ."

ती हसली. "आई, ते अंजिराचं झाड आहे. इथल्या थंडीत मरतं ना, म्हणून ते एका बाजूची मुळं सैल करून झाड आडवं पाडतात आणि पुरतात. एप्रिलमध्ये उकरून परत उभं करतात."

मी चेष्टेत विचारलं होतं. पुढे ते खरं निघालं, म्हणून हे लिहायला बसले.

हे अमेरिकेतल्या, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचं. माझा मुलगा सुनील तिथे एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. नवरा गेल्यावर मी दर जूनमध्ये त्याच्याकडे जायचे आणि थंडी पडायला लागली की गावी परत यायचे. सहा महिन्यांच्या वर तिथे राहू देत नसत, आणि मलाही राहायचं नव्हतं. त्यामुळे म्हातारा झाड पुरताना मी दर वर्षी पाहिला. उकरताना एकदाही नाही.

एका छपराखाली दोन घरं होती, मध्ये एक भिंत. पलीकडे तो एकटा, अलीकडे आम्ही. तो ग्रीसचा होता, डोंगरातल्या कुठल्या गावचा. नाव लांबलचक होतं, ते मला कधी म्हणता आलं नाही. मी त्याला मिस्टर म्हणायचे आणि तो मला कीरिया म्हणायचा. त्यांच्यात बाईमाणसाला तसं म्हणतात. त्याने सगळं आयुष्य हायवेवर हॉटेल चालवलं होतं, त्यामुळे त्याचं इंग्रजी हॉटेलातलं. मला इंग्रजी मुळीच येत नव्हतं. जे आलं ते त्याच्याकडून. म्हणून आज मला चार तऱ्हांनी विचारता येतं की अंडं कसं हवं, आणि मी अंडं खात नाही.

पाण्यावरून तो वेडा होता. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, कंजूष असेल. भिंतीपलीकडून त्याचे नळ आवळल्याचे आवाज यायचे. एकदा आवळायचा, थोड्या वेळाने येऊन पुन्हा आवळायचा. भाजी धुतलेलं पाणी बादलीत भरून टोमॅटोला घालायचा. घरासमोर गवत नव्हतंच. गवताला पाणी लागतं म्हणून त्याने ते उपटून टाकलं होतं आणि टोमॅटो, कांदे, वांगी लावली होती. त्या आळीत सगळ्यांच्या दारापुढे हिरवे गालिचे आणि मध्येच हे वांग्याचं शेत. नगरपालिकेची चिठ्ठी यायची, त्याची मुलगी येऊन मिटवून जायची.

तिथे एक नियम होता. उन्हाळ्यात ज्यांच्या घराचा नंबर विषम, त्यांनी विषम तारखेला गवताला पाणी सोडायचं, समवाल्यांनी सम तारखेला. नियम पाळत कोणी नसे. म्हातारा पाळायला लावायचा. रोज सकाळी काठी घेऊन आळीतून फेरी. भेटेल त्याला विचारायचा, "हूज डे?" म्हणजे आज पाळी कुणाची.

समोर हैदराबादकडचं एक जोडपं राहायचं. त्यांच्या गवतात नळ्या पुरलेल्या होत्या, पाणी आपोआप उडायचं. एके दिवशी ते भलत्याच तारखेला उडालं. म्हातारा जाऊन त्या पाण्यात उभा राहिला. शर्ट भिजला, पँट भिजली. त्यातला तरुण नवरा धावत बाहेर आला.

"सर, सॉरी सर. इट्स ऑटोमॅटिक."

"वॉटर इज नॉट ऑटोमॅटिक," म्हातारा म्हणाला. "युवर नेबर इज नॉट ऑटोमॅटिक."

आम्ही खिडकीत हसत होतो. मग तो वळला तेव्हा मी त्याचं तोंड पाहिलं. रागावलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं. घाबरलेला होता.

आणि एकतीस तारीख आली की त्याची पंचाईत. एकतीस विषम आणि दुसऱ्या दिवशीची एक तारीखही विषम. म्हणजे विषमवाल्यांना लागोपाठ दोन पाळ्या आणि समवाल्यांवर अन्याय. आमच्या घराचा नंबर विषम होता. त्या एक तारखेला तो झाडांना थेंब घालायचा नाही, टोमॅटो माना टाकू देत. आमच्याही दारात येऊन सांगून जायचा, "टुडे, नो." सुनील म्हणायचा, "ओके बॉस." आत येऊन म्हणायचा, "आई, हा येडा आहे यार, पण भाडं वाढवत नाही."

मला तो येडा वाटला नाही. आमच्या गावात पाटाचं पाणी पाळीने येतं. पाळी चुकली म्हणून माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्याला टाके पडलेत. पाण्याच्या पाळीला घाबरणारा माणूस मला समजत होता. फक्त अमेरिकेत, जिथे नळ सोडला की हवं तेवढं पाणी, तिथे तो कशाला घाबरतो ते समजत नव्हतं.

त्याच्या स्वयंपाकघरात एक तांब्याचं पातेलं खिळ्याला टांगलेलं असायचं. बाकी भांडी सगळी स्टीलची. मी एकदा ते उतरवून आत पाहिलं. अर्ध्या भागाला कल्हई होती, चांदीसारखी, आणि अर्धा भाग लालभडक तांबं. कल्हई झिजून गेलेली नव्हती. लावता लावता हात थांबावा तशी एका कडेला संपली होती.

मी म्हटलं, "मिस्टर, ह्यात काही शिजवू नका. कळकेल. पोटात विष जाईल." हे मी मराठीतच म्हटलं, हातवारे करून. कल्हई हा शब्द त्याला कळला. त्यांच्याकडे गावोगाव फिरणारा कल्हईवाला असायचा आणि त्याचं नावही आपल्यासारखंच होतं. तो 'कलाइ, कलाइ' म्हणत मान हलवत राहिला आणि पातेलं माझ्या हातातून काढून परत खिळ्याला लावलं. मला वाटलं, आईची आठवण असेल. आईची आठवण होतीच ती, पण वेगळी.

आता पुस्तकाचं. हॉटेल विकल्यावर त्याने एक लहानसं पुस्तक लिहिलं होतं, ग्रीक भाषेत. शिकागोतल्या त्यांच्या कुणाच्या तरी छापखान्यात छापलं होतं. खोके भरून प्रती गॅरेजमध्ये होत्या. एक प्रत सुनीलला दिली होती, ती टीव्हीशेजारी उभी असायची, कारण वाचता कुणालाच येत नव्हती. चर्चमधल्या लोकांत मात्र त्या पुस्तकाचं मोठं नाव होतं. म्हाताऱ्याला ते लेखक म्हणायचे.

गोष्ट वैशालीला त्याच्या मुलीने सांगितली, वैशालीने मला. डोंगरातलं गाव. एका झऱ्याचं पाणी सगळ्यांच्या वाफ्यांना पाळीने जातं. दोन चुलतभावांचं पाळीवरून भांडण होतं, त्यात धाकटा थोरल्याला कुदळीने मारतो. गावात त्या वेळी एक फिरता कल्हईवाला आलेला असतो. त्याच्यावर आळ येतो. पोलीस त्याला नेतात. मग धाकट्याला मन खायला लागतं. झोप नाही, अन्न गोड लागत नाही. शेवटी तो आपल्या पायांनी पोलिसात जातो आणि कबूल करतो. कल्हईवाला सुटतो आणि गावातली चर्चची घंटा वाजते.

"छान आहे ना आई?" वैशाली म्हणाली.

"छान काय? एक माणूस मेला त्यात," मी म्हटलं.

कुठल्यातरी कॉलेजातली एक प्राध्यापक बाई एकदा त्याला भेटायला आली होती. वैशालीच चहा घेऊन गेली होती, म्हणून हे मला ठाऊक. बाईने विचारलं, ही गोष्ट तुम्हाला कशी सुचली. म्हातारा म्हणाला, "आय डू इट. इट इज मी." बाई खूश झाली. म्हणाली, हो, चांगला लेखक प्रत्येक पात्रात स्वतः असतोच. म्हातारा पुन्हा म्हणाला, इट इज मी. बाईने ते लिहून घेतलं आणि गेली. वैशालीने हे मला कौतुक म्हणून सांगितलं.

मला त्याने सांगितलं ते पंधरा ऑगस्टला. त्या दिवशी आपली मराठी मंडळी कुठल्या बागेत झेंडा लावून जिलबी खातात. आम्ही तिथून परत आलो तर म्हातारा गॅरेजच्या उघड्या दारात खुर्ची टाकून बसला होता. पंधरा ऑगस्ट हा त्यांचाही सण, येशूच्या आईचा. चर्चला जायचं सोडून हा दर वर्षी त्या दिवशी असा उपाशी बसायचा. पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. मी जिलबीची पुडी द्यायला गेले.

पुडी त्याने बाजूला ठेवली. उठला, टोमॅटोच्या वाफ्यापाशी मला नेलं आणि खाली बसून मातीत बोटाने पाट काढला. हा झरा. हा माझा वाफा. हा चुलतभावाचा. मग बोलायला लागला. निम्मं इंग्रजी, निम्मं त्याच्या भाषेत. मला एकूण एक कळलं. शेतातलं होतं ना सगळं.

गावात असताना एका वर्षी सणाचा दिवस त्याच्या पाळीवर आला. सणाला कुणी पाणी धरत नाही. दुसरा दिवस चुलतभावाचा. हा म्हणाला, माझी पाळी बुडाली नाही, पुढे सरकली, आजचं पाणी माझं. भाऊ म्हणाला, सणात गेली ती गेली. ह्याने ढेकळं टाकून पाट आपल्याकडे वळवला. भावाने पायाने ढेकळं उडवली. ह्याने कुदळ उचलली.

त्याने बोट पाटातून काढलं आणि हात पँटला पुसला.

"अँड कलाइ मॅन?" मी विचारलं.

कल्हईवाला त्या वेळी गावाच्या खालच्या अंगाला झाडाखाली भाता लावून बसला होता. ह्याच्या आईचंच पातेलं त्याच्या हातात होतं. अर्धं झालं होतं. तेवढ्यात आरडाओरडा झाला, लोक वर धावले, तोही हातातलं टाकून धावला. आई घरी आली तर मुलगा कुदळ धूत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन सगळ्यांदेखत म्हणाली की कल्हईवाल्याला मी पाटाकडून उतरताना पाहिलं. तो कुठे होता हे गावात फक्त तिला माहीत होतं, कारण भांडं तिचं, ती तिथेच थांबली होती. तिने ते पातेलं गवताच्या गंजीखाली लपवलं. कल्हईवाला परगावचा. त्याच्यासाठी बोलायला कोण होतं? तो तुरुंगात गेला आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच खोकून मेला. हा तेव्हा ते पातेलं घेऊन, बोटीवर चढून अमेरिकेला पोचला होता.

"म्हणजे तू पोलिसात गेलाच नाहीस," मी म्हटलं. मराठीत म्हटलं. त्याला कळलं.

"इन द बुक, आय गो," तो म्हणाला. "इन द बुक, आय ॲम गुड मॅन."

मी घरी येऊन सुनीलला सांगितलं. तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "आई, ते लेखक आहेत. लेखक असं बोलतात."

"त्याने मातीत काढून दाखवलं."

"वय झालंय त्यांचं. स्वतःच्याच पुस्तकात हरवलेत. त्यांची मुलगी पण तेच म्हणते." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, लॅपटॉप मिटला. "आणि हे बघ, कुणाकडे काही बोलू नकोस. पोलीसबिलीस नको. माझं ग्रीन कार्ड अडकलंय."

मुलगी खरंच तसं म्हणत होती. ती जवळच्याच शॉमबर्गला राहायची, दर रविवारी यायची, बापाचे कपडे धुवायची, फ्रिज भरायची. वाईट नव्हती. बापाने तिला सांगितलं होतं. तिने बापाला डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरने विसरभोळेपणाच्या गोळ्या दिल्या. त्याने चर्चमधल्या पाद्र्याला सांगितलं. पाद्रीही पुस्तक वाचलेला. त्याने पाठीवर हात ठेवून सांगितलं की देवाने केव्हाच क्षमा केली आहे. हे म्हाताऱ्याने मला टोमॅटो तोडता तोडता सांगितलं.

मी म्हटलं, "देवाचं काय गेलं क्षमा करायला?"

तो हसला. मी त्याला हसताना क्वचित पाहिलं.

आता त्यांची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मेलेल्या माणसासाठी ते गहू शिजवतात. अख्खे गहू, वर साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. चर्चमध्ये नेतात, पाद्री नावं वाचतो, मग ते गहू सगळ्यांना वाटतात. खाणाऱ्याने म्हणायचं असतं, देव त्याला क्षमा करो. जितकी माणसं म्हणतील तितकं मेलेल्याला बरं. म्हातारा दर वर्षी दोन ताटं करायचा, एक आईचं, एक चुलतभावाचं. गहू निवडायला मी मदत करायचे. आपल्याकडे खिरीला निवडतो तसेच निवडायचे, त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये त्याने तीन ताटांचे गहू भिजवले.

"हू?" मी तिसऱ्याकडे बोट केलं.

"कलाइ मॅन."

मला बरं वाटलं. पण तो खाली बसून राहिला. अडचण अशी होती की पाद्र्याला नाव द्यावं लागतं. बिननावाच्या माणसासाठी गहू वाटता येत नाहीत. आणि त्या माणसाचं नाव ह्याला माहीत नव्हतं. गावात कुणालाच नव्हतं. दर वर्षी यायचा, बायकांची भांडी करून जायचा, सगळे कल्हईवालाच म्हणायचे. तुरुंगात घातला तेव्हाही गावाच्या तोंडी तो कल्हईवालाच होता. पुस्तकात मात्र पात्राला नाव लागतं, म्हणून ह्याने एक नाव दिलं होतं. सहसा कुणाचं नसतं असं. आता दुसरं नव्हतंच, तेव्हा पाद्र्याच्या चिठ्ठीत त्याने तेच घातलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते त्याचं नव्हतं.

त्याने मला आणि वैशालीला मुद्दाम बरोबर नेलं. चर्चमध्ये मेणबत्त्या, धूप, पुष्कळ वेळ उभं राहणं. पाद्री नावं वाचत होता, लोक माना खाली घालून ऐकत होते. ते नाव आलं तसं दोन-तीन बायकांनी माना वर केल्या आणि एकमेकींकडे पाहून हसल्या. प्रेमाने हसल्या, हेही सांगते.

नंतर बाजूच्या हॉलमध्ये कॉफी आणि गहू. म्हातारा तिसऱ्या ताटामागे उभा राहिला. काळा कोट घातला होता. एका जाड बाईने कागदी कपात गहू घेतले आणि त्याला म्हणाली, "सो स्वीट! तुम्ही तुमच्या कल्हईवाल्यासाठी केलेत."

म्हाताऱ्याने काठी टेबलावर आपटली. सगळ्यांनी वळून पाहिलं. तो बोलला, आधी त्याच्या भाषेत, मग आमच्यासाठी असेल किंवा तिथल्या तरुण पोरांसाठी असेल, इंग्रजीत. फार नाही बोलला. म्हणाला, हा माणूस खरा होता. मी माझ्या भावाला मारलं आणि हा माझ्याऐवजी तुरुंगात मेला. मी गेलो नाही. त्याचं नाव मला माहीत नाही. तुम्ही त्याच्यासाठी म्हणा, आणि माझ्यासाठी काही म्हणू नका.

मला वाटलं, झालं, आता कुणीतरी रडेल, कुणीतरी अंगावर धावून येईल. तसं झालं असतं तर त्याचं भलं झालं असतं.

मागून एकाने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. "ब्राव्हो," म्हणत होते. एक म्हातारी डोळे पुसत पुढे आली, त्याच्या गालाला हात लावला आणि काहीतरी म्हणाली. त्याच्या मुलीने ते वैशालीला इंग्रजीत सांगितलं आणि वैशालीने मला.

"त्या म्हणतायत, मी तीनदा वाचलंय तुमचं पुस्तक. मला शेवट फार आवडतो. तो सुटतो ना, तेव्हा मी दर वेळी रडते."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. काठी उचलली आणि कप भरभरून गहू वाटत राहिला, ताट संपेपर्यंत. लोक खात होते, देव क्षमा करो म्हणत होते, आणि वाचलेल्या गोष्टीतल्या माणसासाठी म्हणत होते.

परतताना गाडीत तो पुढे बसला होता. मुलगी गाडी चालवत म्हणाली, "पपा, दॅट वॉज ब्युटिफुल." तो खिडकीतून बाहेर बघत होता. कुणाच्या तरी गवतावर पाणी उडत होतं. तारीख कोणती होती मला आठवत नाही. त्यानेही विचारलं नाही.

त्यानंतर तो ढासळला. फेरी बंद झाली. टोमॅटो पिकून जमिनीवर पडले तरी तोडले नाहीत. मी दारातून हाक मारली तर हात वर करायचा, एवढंच. एके दुपारी मी मागे कपडे वाळत घालत होते. तिथे ते चालत नाही, पण मी घालायचे. तो वाटी घेऊन आला. वाटीत गहू. एवढेसेच शिजवले होते, साखर नाही, डाळिंब नाही.

"कीरिया," तो म्हणाला, "यू नॉट रीड द बुक."

"नो."

"यू नो रीड, सो यू नो. ईट. अँड से फॉर मी. गॉड फर्गिव्ह."

मी वाटी हातात घेतली. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुस्तकाच्या वाटेला मी कधी गेले नाही, म्हणून माझ्याकडे आला होता तो. एवढ्या सगळ्यांनी म्हटलेलं त्याला पुरलं नव्हतं, कारण ज्याला ते म्हणत होते तो तो नव्हताच. मला सगळं कळत होतं. तोंडापर्यंत दोन शब्द आणायचे होते, ते मला येतही होते. पण ते माझे नव्हते द्यायचे. मेला त्याचे होते.

मी वाटी कठड्यावर ठेवली.

"यू किल," मी म्हटलं. बोटं वर केली. "नॉट वन. टू."

तो माझ्या बोटांकडे बघत उभा राहिला. पुस्तकात त्याने एकच मारला होता. कल्हईवाल्याला त्याने कागदावर सोडवलं होतं आणि त्या सुटकेवर लोकांना रडवलं होतं. कागदावर सोडवल्याने तुरुंगातला माणूस खोकायचा थांबत नाही.

"टू," तो म्हणाला.

"येस. टू."

"यू बिलीव्ह."

"येस."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "थँक यू, कीरिया." हॉटेलात गिऱ्हाइकाला म्हणत असेल तसंच म्हणाला, थोडं वाकून. वाटी उचलली आणि घरात गेला. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून नळ आवळल्याचा आवाज एकदाच आला.

ह्यात मी कठोर झाले असं वैशालीला वाटतं. वाटू दे. त्याला आणखी एक गोड माणूस नको होता, ते त्याच्याकडे हॉलभर होते.

त्याच शरद ऋतूत तो लोकांच्या घरामागे जाऊन पाण्याचे मुख्य कॉक बंद करायला लागला. कुणीतरी पोलीस बोलावले. पोलीस आलेत म्हटल्यावर त्याने दोन्ही हात पुढे केले, बेड्यांसाठी. मी खिडकीतून पाहिलं. तरुण पोलीस होता, त्याने हात हातात घेऊन त्याला खुर्चीवर बसवलं, पाणी प्यायला दिलं आणि मुलीला फोन केला. आठवड्याच्या आत तिने त्याला शॉमबर्गकडच्या म्हाताऱ्यांच्या घरात नेलं.

निघताना तो पातेलं घेऊन आमच्या दारात आला.

"टेक. इंडिया. कलाइ मॅन फिनिश."

"बघू," मी म्हटलं.

त्या वर्षी अंजिराचं झाड कुणी पुरलं नाही. सुनील म्हणाला, आपण करूया का. पण मुळं किती सोडवायची आणि किती ठेवायची हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. आम्ही त्याला उभ्या उभ्या ब्लँकेट गुंडाळलं. पुढच्या जूनमध्ये मी गेले तेव्हा ब्लँकेटात वाळकी काटकी होती.

म्हातारा जानेवारीतच गेला होता. मुलीने त्याच्यासाठी केलेले गहू आमच्याकडे आणून दिले. सांगितलं, खाताना काय म्हणायचं ते. गहू चांगले शिजले होते, साखर जास्त होती. मी खाल्ले. म्हटलं काही नाही. ती म्हणाली, "शेवटी शेवटी पपा त्या होममध्ये सगळ्यांना सांगायचे की मी दोन माणसं मारली. दोन! पुस्तकात तर एकच आहे. इतकं विसरायला लागले होते."

मी तिला आणखी चहा दिला.

घर विकलं गेलं. नव्या मालकाने वांग्याचं शेत काढून हिरवा गालिचा अंथरला आणि खाली नळ्या घातल्या. आता पाऊस पडत असला तरी पाणी उडतं, असं वैशाली फोनवर सांगते. सुनीलने दुसरं घर घेतलं. मी जाणं सोडलं.

पातेलं मी सामानात गुंडाळून गावी आणलं. पुष्कळ दिवस माळ्यावर होतं. आमच्याकडे आता तांब्यापितळेची भांडी कोण वापरतं, कल्हईवाला येईनासाच झाला होता. मागच्या दिवाळीआधी एक आला, मोटरसायकलवर, मागे गॅसची टाकी बांधून. मी घरातली सगळी भांडी बाहेर काढली. हे पातेलंही काढलं. त्याने ते हातात फिरवून पाहिलं.

"हे अर्धं कुणी सोडलं, आजी? हात चांगला होता त्याचा. द्या, उरलेलं मारून देतो, सांधा कळणार नाही."

"आधी तुझं नाव सांग," मी म्हटलं.

"नाव कशाला? कल्हईवाला म्हणून हाक मारा, येतो."

"विचारते तर सांग."

"यासीन."

"गाव?"

गावही सांगितलं. मी त्याला चहा दिला, बाकीच्या सगळ्या भांड्यांना कल्हई करून घेतली. काम बरं करत होता. ते पातेलं मात्र मी त्याच्या हातातून काढून घेतलं आणि परत माळ्यावर ठेवलं. तो माणूस त्या वेळी पाटावर नव्हता, भाता लावून झाडाखाली बसला होता, हे सांगणारं जगात आता तेवढंच उरलंय.